आंजीत सगळ्यांनी पडद्याकडे पाठ केली, आणि तोंडं माझ्याकडे

"सगळ्यात मागे बस," असा वृषालीचा मेसेज आला आणि मी बाबांच्या मोटरसायकलची चावी उचलली.

पूर्ण मेसेज असा होता : "रविवारी दुपारी आंजीला माझी फिल्म दाखवणार आहेत. ये. सगळ्यात मागे बस, म्हणजे भांडून निघून जाताना कुणाच्या पायावर पाय पडणार नाही." पोरगी मला एवढी ओळखते.

आधी थोडं सांगून टाकतो. वृषाली आणि मी अमरावतीला एकाच इंजिनिअरिंग कॉलेजात होतो. तिनं डिग्री घेतली आणि नागपूरला फिल्मच्या आवाजाचं काम शिकायला गेली. रेकॉर्ड करणं, कापणं, जोडणं. मी तिसऱ्या वर्षी एका सरांशी वर्गातच भांडलो, बाहेर पडलो आणि परत गेलो नाही. कोण बरोबर होतं विचारू नका, मीच होतो. सध्या काकाच्या मोटारपंपाच्या दुकानात बसतो.

गेलं वर्षभर ती मला गाण्याबजावण्यावरच्या, गवयांवरच्या फिल्म आणि माहितीपटांच्या लिंक पाठवते. मी त्या पाहतो, डोकं फिरतं, आणि मग तिला लांबलचक व्हॉइस नोट पाठवतो. ती कधीच बोलत नाही, फक्त टाइप करते. दर वेळी तेच दोन शब्द : "अजून बोल."

या दोन शब्दांवर मी वर्ष काढलंय. दुकानात गिऱ्हाईक समोर उभं असताना मी फोन उघडून ते दोन शब्द पाहिलेत. आवडीच्या माणसाला आपण "अजून बोल" म्हणतो. पण चहा मिळेपर्यंत वेळ काढायचा असेल तरी म्हणतो. यातलं तिचं कुठलं, एवढंच मला आंजीला जाऊन पाहायचं होतं. फिल्म हे निमित्त.

शनिवार : अमरावती ते पिपरी मेघे

ज्यांना हा रस्ता करायचाय त्यांच्यासाठी : रेल्वेनं बडनेऱ्याहून वर्धा सोपं पडतं. पण गाडी असेल तर नागपूर हायवेनं मोझरी, तिवसा करत तळेगावपर्यंत या, तिथून उजवीकडे आर्वीला वळा. आर्वी, खरांगणा, आंजी, वर्धा. हायवे गुळगुळीत आहे. आर्वीनंतर रस्त्यात कापसाच्या गाड्या लागतात, अंगावर येईल इतका कापूस भरलेल्या, आणि रस्त्याच्या कडेच्या बाभळींना तो चिकटून राहिलेला असतो. थंडीचे दिवस असतील तर हातमोजे घ्या. मी घेतले नव्हते. रागात निघालेला माणूस हातमोजे घेत नाही. राग कशाचा होता ते आता आठवत नाही, बहुतेक सवयीचाच.

तळेगावला पोहे खाल्ले. वरून तर्री मागितली, तर त्यानं पोहे दिसेनासे होईपर्यंत ओतली. तीस रुपयांत डोळ्यांतून पाणी. आर्वीच्या पुढे दोन्ही बाजूंना तूर उभी होती. आंजीवरून मी न थांबता पुढे गेलो. मोठं, सुस्त, शेतीवाडीचं गाव. पाराजवळ दोन म्हातारे ऊन खात बसलेले. उद्या याच गावात माझं काय होणार आहे याची कल्पना असती तर मी तिथूनच गाडी फिरवली असती.

वर्ध्याला लागूनच पिपरी मेघे आहे. दर दिवाळीला येतो तेव्हा तिथं एक नवी कॉलनी उभी असते. तिथं माझी आत्या राहते, आणि तिचा मुलगा गोलू, ज्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. मी गाडी लावायच्या आत त्यानं विचारलं, "काय बे, पोरीसाठी आला का फिल्मसाठी?"

"फिल्मसाठी."

"मंग दाढी काऊन केली?"

वृषालीचं घर त्याच्या दुकानाच्या मागच्या गल्लीत. तिचे बाबा जिल्हा परिषदेत क्लार्क आहेत आणि त्यांची सगळी झेरॉक्स गोलूच काढतो. त्यानं सांगितलं की ती कालपासून आंजीलाच आहे, मशीन लावून राह्यली. म्हणजे शनिवार वाया. पण गोलू म्हणाला, वाया कशाला, त्याच कार्यक्रमाचा पहिला भाग आज संध्याकाळी आमच्या कॉलनीच्या हॉलमध्ये आहे. दोन फिल्म, मग चर्चा.

गेलो. हॉलमध्ये स्वेटर, मफलर आणि गोरसपाकाचा, म्हणजे वर्ध्याच्या तुपातल्या बिस्किटांचा वास. मास्तर मंडळी, बँकेतली, कचेरीतली माणसं, जोडीनं आलेली. पहिली फिल्म एका तबलजीवर, तीन तासांची. दुसरी पेटी दुरुस्त करणाऱ्या एका कारागिरावरचा छोटा माहितीपट.

पहिल्या फिल्मनं माझं डोकं फिरवलं. तबलजी लहानपणी नदीकाठी दगडावर बोटं आपटतो. मोठा झाल्यावर दारू पितो. बायको दारात उभी राहून रडते. शेवटी भरलेल्या सभागृहात वाजवतो, लोक उभे राहतात, बायको पुन्हा रडते. तीन तासांत एकही बोल पूर्ण ऐकू येत नाही, कारण थाप पडली की मागून दोनशे व्हायोलिनं सुरू होतात.

चर्चेला मफलरवाले एक सर उभे राहिले. "फार हृदयस्पर्शी," म्हणाले. बस, मी उठलो.

"काय हृदयस्पर्शी सर? तबल्यावरच्या फिल्ममध्ये तबला कुठाय? आणि या फिल्मवाल्यांना ऐकणारा माणूस म्हणजे काय वाटतो? एक तर टाळ्या वाजवणारी गर्दी, नाही तर दारात रडणारी बायको. बाकी कुणी ऐकतच नाही का? गवयाला दारू पाजल्याशिवाय यांना कॅमेरा सुरू करता येत नाही?"

शेजारी गोलूनं माझी बाही धरून ओढली. समोरच्या रांगेतल्या एक बाई वळल्या. तलाठी कार्यालयात असतात, नंतर कळलं.

"अहो, माझे मिस्टर तबला वाजवतात," त्या म्हणाल्या. "मी दारात उभी राहून रडत नाही. मी कुकर लावते. पण कुकर लावता लावता ऐकते. त्यांचा हात चुकला तर माझा मिठाचा चमचा थांबतो. तो चमचा दाखवेल का हो कुणी?"

हॉल हसला. त्यांचे मिस्टर सगळ्यात जोरात हसले. मी मात्र उभाच राहिलो. वर्षभर रागावून मला जे नीट म्हणता आलं नव्हतं ते या बाईंनी मिठाच्या चमच्यावर संपवलं होतं.

"तुम्ही स्वतः काय करता?" मफलरवाल्या सरांनी मला विचारलं.

"भांडतो," गोलू बसल्या जागेवरून बोलला, आणि पुन्हा सगळे हसले.

माहितीपट बरा होता. कारागीर एकेक सूर कानाला लावून बसतो आणि दिग्दर्शकानं तेवढा वेळ तोंड बंद ठेवलंय. त्यावर चर्चा झाली नाही, कारण लोकांना जेवायला जायचं होतं. आत्यानं पाटोडीचा रस्सा केला होता. मी वृषालीला लिहिलं : "आज भांडलो." उत्तर आलं, "उद्यासाठी ठेव थोडं." मी त्या 'उद्यासाठी'वर झोपलो.

रविवार सकाळ : केळझर

गोलूचं म्हणणं असं की एवढ्या मोठ्या कामाला निघालास तर आधी केळझरला गणपतीला जाऊ. वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्यानं, सेलूच्या पुढे. रस्ता उत्तम. देऊळ टेकडावर आहे. सकाळी गेलात तर गर्दी नसते, वारा असतो, आणि खाली दूरवर शेतं. पार्किंगजवळ शेंगदाण्याचा लाडू मिळतो तो घ्या. पेढे सगळीकडे मिळतात.

"काय मांगतलं?" उतरताना गोलूनं विचारलं.

"काही नाही."

"खोटं नको बोलू देवाच्या दारात."

"ती 'अजून बोल' का म्हणते तेवढं कळू दे, म्हणालो."

गोलूनं माझ्याकडे असं पाहिलं जसं झेरॉक्स मशीनमध्ये कागद अडकल्यावर पाहतो. "हे तिलेच इचारता येत नाई का? देवाले काऊन मधात घेतलं?"

विचारता आलं असतं तर वर्ष गेलं नसतं, एवढं त्याला समजत नव्हतं.

रविवार दुपार : आंजी (मोठी)

गाडी नसेल तर वर्ध्याहून आर्वीकडे जाणारी एसटी धरा, ती आंजीला थांबते. आम्ही दोघं गाडीवरच गेलो.

कार्यक्रम समाजमंदिरात होता. खिडक्यांवर ताडपत्र्या टाकून अंधार केलेला, पुढे पांढरा पडदा, बाजूला दोन मोठे स्पीकर, लाल प्लास्टिकच्या खुर्च्या. पडद्याशेजारच्या टेबलावर लॅपटॉप, वायरींचं जंजाळ, आणि त्यामागे वृषाली. केस वर बांधलेले, गळ्यात हेडफोन. तिनं हात हलवला आणि बोटानं मागे दाखवलं. मी गुपचूप शेवटच्या रांगेत जाऊन बसलो. गोलू भज्यांच्या मागे गेला.

फिल्म होती आंजीच्याच बायकांच्या खंजिरी भजन मंडळावर. खंजिरी म्हणजे हातात मावणारी, झांजा लावलेली डफली. आमच्याकडे भजनाचा जीव तिच्यात असतो. मंडळाच्या प्रमुख पुष्पाकाकू : उंच, जाड भिंगाचा चष्मा, अंगावर पोपटी शाल, आणि शाळेची घंटा वाजावी असा आवाज. त्या कित्येक वर्षं आसपासच्या भजनस्पर्धांना परीक्षक म्हणून जातात. वृषाली आठ-दहा महिने येऊन-जाऊन त्यांच्या मंडळाचं चित्रण करत होती, एवढंच मला माहीत होतं.

वृषाली म्हणाली, "सुरू करू का काकू?"

पुष्पाकाकू उठल्या. "थांब माय. आमी आधी आयकतो, मंग पायतो. तुले मालूम हाय ना आमचं?"

"हो. चित्र झाकलंय."

"मंग वळा रे समदे!"

आणि माझ्या डोळ्यांसमोर अख्ख्या समाजमंदिरानं खुर्च्या उचलल्या. फरशीवर कर्रर्र असा एकच आवाज झाला आणि सगळं गाव पडद्याकडे पाठ करून बसलं.

म्हणजे माझ्याकडे तोंड करून.

मी इतका चकित झालो की आधी हसू आलं. माझ्या पुढच्याच रांगेतल्या एका काकाजींनी समजावलं. इकडे भजनस्पर्धेत परीक्षक मंचाकडे पाठ करून बसतात. मंचावर कुणाची वहिनी असते, कुणाचा साळा. तोंड दिसलं की मार्क वाढतात. म्हणून पाठ करायची, कानानं मार्क द्यायचे. पुष्पाकाकूंनी ही शिस्त गावाला इतकी लावलीय की कीर्तन असो की शाळेचं गॅदरिंग, पहिल्यांदा पाठ. "थोबाड पायल्यावर मानूस आयकत नाई," काकाजी म्हणाले आणि स्वतःची खुर्ची वळवून माझ्यापासून दोन हातांवर, माझ्या थोबाडाकडे पाहत बसले.

आता चित्र डोळ्यांसमोर आणा. मी एकटा भिंतीला टेकून. समोर दीड-दोनशे माणसं, सगळ्यांचे डोळे माझ्यावर. आणि त्या सगळ्या डोक्यांच्या पलीकडे वृषाली, मान खाली, लॅपटॉपवर.

खंजिरी सुरू झाली. बायकांचा आवाज लागला. छान लागला. समोरचे चेहरे हळूहळू डोळे मिटू लागले. मग भजन थोडं खाली गेलं आणि स्पीकरमधून एक पुरुष बोलू लागला :

"हे बघ, या फिल्मवाल्यांचं मला एक कळत नाही..."

तो मी होतो.

माझा आवाज. माझ्या काकाच्या दुकानाचं शटर मागे वाजत होतं. मी मार्च की एप्रिलमध्ये केव्हातरी तिला पाठवलेली व्हॉइस नोट आंजीच्या समाजमंदिरात दोन मोठ्या स्पीकरमधून वाजत होती. "गवई गातो तेव्हा हे पाऊस पाडतात. पाऊस कशाला? त्याचा आवाज पुरत नाही का?" समोरचे लोक हसले. मला पाहत हसले, पण मला ओळखून नाही. त्यांना फक्त एक भिंतीला चिकटलेला, तोंड उघडं पडलेला पोट्टा दिसत होता.

पुन्हा भजन. पुन्हा मी. दारू पाजण्यावर. तंबोऱ्याची तार नेमकी रडण्याच्या क्षणी तुटते त्यावर. अख्ख्या फिल्मभर मीच बोलत होतो. बायका गात होत्या आणि त्यांच्या मधे-मधे मी भांडत होतो, आणि खरं सांगायचं तर ते दोन्ही एकमेकांत बसत होतं. पण मला ते त्या वेळी कळत नव्हतं. माझ्या डोक्यात एकच वाक्य घणघणत होतं : म्हणून ती "अजून बोल" म्हणत होती. तिला माल पाहिजे होता! मी वर्षभर जे काळीज समजून पाठवत होतो ते ती पोत्यात भरत होती.

उठून जावं तर दीडशे माणसांच्या नजरेसमोरून जायला लागणार. मी बसून राहिलो. आणि मग स्पीकरमधून ते आलं जे मी जन्मात विसरणार नाही.

"या सगळ्या गवयांना स्टेज लागतं. लोक लागतात. मला नाही लागत. मला..."

आणि श्वास.

ही नोट मला पाठ होती. त्या श्वासानंतर मी तिला जे म्हणालो होतो ते जगात फक्त तिनं आणि मी ऐकलं होतं. ते मी इथंही लिहिणार नाही. ती त्या नोटेला पण "अजून बोल" म्हणाली होती आणि विषय तिथंच राहिला होता. आता ते वाक्य पुष्पाकाकू, काकाजी, भजी खाणारा गोलू, सगळं गाव ऐकणार होतं.

"बंद कर!" मी ओरडलो. खुर्ची मागे पडली. "वृषाली, बंद कर ते!"

आणि स्पीकरमधून नुसती खंजिरी आली.

ते वाक्य नव्हतंच. तिनं श्वासापाशी कापलं होतं. खंजिरी वाजत होती, बायका गात होत्या, आणि मी उघड्या तोंडानं उभा होतो. मी ओरडलो नसतो तर कुणाला काहीच कळलं नसतं.

दोन हातांवरच्या काकाजींनी डोळे बारीक केले. एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मान वळवून स्पीकरकडे.

"अरे," ते म्हणाले, "हा त डब्यातला पोट्टा हाय!"

"कोन?"

"थोच! आवाज तोच हाय ना!"

मग जे झालं त्याला गलका म्हणतात. कुणी म्हणालं, लय खरं बोलला बाप्पा. कुणी म्हणालं, एवढा चिडतो कायले, बीपी वाढन. एका मावशीनं मला पाणी आणून दिलं. गोलू भज्याचा कागद हातात धरून दारात उभा होता, आणि त्याचा चेहरा माझ्यापेक्षा पडलेला. वृषालीनं फिल्म थांबवली आणि खुर्च्यांमधून वाट काढत आली.

"मले न विचारता?" मी म्हणालो. राग आला की माझी शहरी भाषा गळून पडते. "वर्षभर तू मले बोलतं ठेवलं अन् यात टाकलं?"

"विचारायलाच बोलावलंय," ती म्हणाली. तिचा आवाज स्थिर होता, पण हेडफोनची वायर ती बोटाला गुंडाळत होती. "मला उद्या फेस्टिव्हलला पाठवायचीय ही. तू नाही म्हणालास तर नाही पाठवणार."

"आधी नाही विचारता आलं?"

"आधी विचारलं असतं तर तू नीट बोलला असतास. मला तू नीट बोललेलं नको होतं." मग वायर बोटातून सोडवत, "चुकलं माझं. पण ऐकल्याशिवाय तू हो किंवा नाही कसं म्हणणार होतास?"

"मग नाही."

आठ-दहा महिन्यांचं काम माझ्या एका शब्दानं पालथं पडलं होतं. मला आतून बरं वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही.

पुष्पाकाकू आल्या. मला वरून खालपर्यंत पाहिलं. "नाई म्हन बाप्पा. तुहा आवाज हाय, तुहा हक्क हाय. पोरी, तू इचाराले पायजे होतं, थे खरं हाय." वृषालीनं मान हलवली. "पन मले एक सांग." हे तिलाच होतं. "भजनात कोनी श्वास घेतला अन् ओळ आलीच नाई, त आमी दोन मार्क कापतो. या पोट्ट्यानं श्वास घेतला. ओळ कुठं गेली? कोनं खाल्ली?"

माझ्या हातातला पाण्याचा पेला तसाच राहिला.

वृषाली म्हणाली, "काकू, त्याचं उत्तर चित्रात आहे. वळून पाहा."

पुष्पाकाकूंनी शाल सावरली. "वळा रे समदे!"

पुन्हा कर्रर्र. आता सगळ्यांच्या पाठी माझ्याकडे. मी दाराशी उभा राहिलो. निघून जाणं सोपं होतं, कुणाच्या पायावर पाय पडला नसता.

फिल्म पहिल्यापासून सुरू झाली, आता चित्रासकट. आणि मी दुसऱ्यांदा हादरलो, कारण त्यात गाणाऱ्या बायका जवळजवळ दिसतच नाहीत. दिसतात ऐकणारे. भजनाच्या वेळी पंक्चरवाला ट्यूब पाण्यात धरतो आणि बुडबुडे पाहायचं विसरतो. दोन पोरी दप्तरं अडकवून भिंतीवर बसून ठेका धरतात. माझा आवाज म्हणतो, "ऐकणारी म्हणजे काय फक्त दारात रडणारी बायको?" आणि दारात दिसतात पुष्पाकाकूंचे मिस्टर, मांडीवर परात घेऊन तुरीच्या शेंगा सोलत, ओठ भजनाबरोबर हलतायत. समाजमंदिर हसून कोसळलं.

"काकाजी, रडले नाई का तुमी?"

"शेंगा किडक्या निंगाल्या तवा रडलो," काकूंचे मिस्टर पहिल्या रांगेतून म्हणाले.

मिठाचा चमचा आठवला मला. कालच्या त्या बाईंना हे दाखवलं पाहिजे, असं मनात आलं, आणि आपण आत्ताच 'नाही' म्हणालोय हेही.

मग माझा आवाज आला : "...मला नाही लागत. मला..." आणि श्वास.

पडद्यावर एसटीची खिडकी होती. काचेवर धूळ, बाहेर कापसाचं शेत पळत होतं, आणि काचेत वृषालीचं प्रतिबिंब. कानांवर हेडफोन. अख्ख्या फिल्ममध्ये ती फक्त तिथं आहे. खंजिरी वाजत राहते आणि ती काही तरी ऐकते जे आपल्याला ऐकू येत नाही. ऐकून झाल्यावर ती हेडफोन काढत नाही. बोट फोनवर नेते आणि पुन्हा पहिल्यापासून लावते. मग पुन्हा. शेत पळत राहतं.

पुष्पाकाकूंनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं, मग टेबलामागच्या तिच्याकडे.

"बरं," त्या म्हणाल्या. "दोन मार्क वापस."

मी बाहेर गेलो. गाडीला टेकून उभा राहिलो. आतून चर्चा ऐकू येत होती. कुणी म्हणत होतं की पोट्टा म्हणते थे समदं खरं नाई, कधी कधी गवई दारू पेतेच. कुणी त्याला म्हणत होतं, तू तुहं सांगून राह्यला का गवयाचं? बराच वेळ चाललं. नुसतं 'हृदयस्पर्शी' म्हणून कुणी खाली बसलं नाही.

वृषाली बाहेर आली. माझ्या समोर उभी राहिली.

"पाठवू?" तिनं विचारलं.

"सांगतो," मी म्हणालो.

"बरं." मग आत जाता जाता, "जेवून जाजो. काकूंनी भरीत केलंय. न जेवता गेलास तर तुझे पण मार्क कापतील."

जेवलो. भरीत, भाकरी, वर कच्चा कांदा आणि तिखट तेल. पैसे विचारले तर पुष्पाकाकू म्हणाल्या, "डब्यात बोलनाऱ्याले फुकट."

सोमवार : परत

सकाळी पिपरी मेघेतून निघालो. गोलूनं निघताना हातमोजे दिले. वर्ध्याहून गोरसपाक घेतला आईसाठी. खरांगण्याच्या पुढे गाडी बाजूला लावून व्हॉइस नोट रेकॉर्ड केली. ऐकली. भाषण वाटलं, पुसली. आर्वीला पुन्हा केली. भांडण वाटलं, पुसली. तळेगावला तोच तर्रीवाला, त्याच्यासमोर बोलता आलं नाही. वर्षभर मी न अडखळता बोलत होतो, कारण ऐकणारं माणूस कसं दिसतं ते मी पाहिलं नव्हतं.

दुपारी घरी पोचलो. आईनं विचारलं, "काय पाह्यलं रे वर्ध्याले?" मी म्हणालो, फिल्म. ती म्हणाली, "फिल्म त इथंबी लागते," आणि गोरसपाकाचा पुडा उघडला.

खोलीत जाऊन पाठवली. पूर्ण नोट अशी : "पाठव. सगळं ठेव. ती ओळ तुझ्याजवळच राहू दे." पुढे बोलायचं होतं पण श्वास घेतला आणि बोट सुटलं, नोट गेली.

फोनवरचा छोटा माइक निळा झाला. म्हणजे ऐकलं. मग बराच वेळ काहीच नाही. मी तीन वेळा खोलीतल्या खोलीत चिडलो, एकदा तिच्यावर, दोनदा स्वतःवर. ते न विचारता घेतल्याचा राग अजून पूर्ण गेलेला नाही, हेही इथं लिहून ठेवतो. तो तिला सांगायचाय, समोर बसून.

मग फोन वाजला. टाइप केलेलं नव्हतं. व्हॉइस नोट होती. तिची पहिली.

लगेच लावली नाही. फोन टेबलावर ठेवला, आवाज पूर्ण केला, लावली, आणि खुर्ची कर्रर्र करून वळवली. भिंतीकडे तोंड, फोनकडे पाठ.

आधी नुसता तिचा श्वास ऐकू आला.

मग ओळही आली. "अजून बोल."